क्वाड्राफोनिक एट-ट्रॅक डेक : आवाजाची तुलना करताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वाड एट-ट्रॅक म्हणजे नेमकं काय?

प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, बंद केलेली पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर रुंदीची गाण्यांची टेप आणि तिच्यावर शेजारी शेजारी आठ ट्रॅक. ती वाजवणारं यंत्र म्हणजे डेक. साध्या स्टिरिओ कार्ट्रिजमध्ये हे आठ ट्रॅक दोन-दोनच्या चार जोड्यांत वाटलेले असतात. त्या प्रत्येक जोडीला ‘प्रोग्रॅम’ म्हणतात. क्वाडमध्ये तेच आठ ट्रॅक चार-चारच्या दोन गटांत विभागलेले असतात. पहिल्या प्रोग्रॅमला १, ३, ५, ७ आणि दुसऱ्याला २, ४, ६, ८. चार ट्रॅक म्हणजे खोलीच्या चार कोपऱ्यांतले चार स्पीकर : पुढचे दोन, मागचे दोन.

टेप अखंड वेटोळ्याची असते. एकाच रिळाच्या पोटातून ती बाहेर येते, आवाज वाचणाऱ्या हेडसमोरून जाते आणि त्याच रिळाच्या बाहेरच्या अंगाला परत गुंडाळली जाते. वेग सेकंदाला पावणेचार इंच, म्हणजे साधारण ९.५ सेंटिमीटर. टेपच्या जोडावर धातूची पातळ पट्टी चिकटवलेली असते. ती सेन्सरवरून गेली की सोलेनॉइड (विजेने ओढणारं चुंबक) ‘खट्’ करतो आणि हेड एका ट्रॅकने सरकतं. टेप उलटी गुंडाळायची सोयच नाही.

हे कधी आलं, कधी गेलं?

स्टिरिओ एट-ट्रॅक ही मुळात छोटी जेट विमानं बनवणाऱ्या बिल लिअरच्या कंपनीची करामत. फोर्डने आपल्या १९६६ च्या गाड्यांमध्ये ती पर्याय म्हणून दिली आणि अमेरिकेत तिचं बस्तान बसलं. आरसीएने १९७० मध्ये तिचा चार चॅनेलचा अवतार आणला. आधी त्याला ‘क्वाड-८’ म्हणत, पुढे नुसतं ‘क्यू-८’. १९७६ पर्यंत बहुतेक कंपन्यांनी हात आखडता घेतला आणि १९७८ नंतर नवीन काही आलं नाही.

एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. क्वाडच्या तबकड्यांवरून कंपन्यांत मोठी जुंपली होती. सीबीएसची एसक्यू, सान्सुईची क्यूएस, जेव्हीसी आणि आरसीएची सीडी-४. एकीची तबकडी दुसरीच्या डीकोडरवर धड वाजायची नाही. टेपवर मात्र सगळ्यांचं एकमत. सीबीएसची क्यू-८ कार्ट्रिज आणि आरसीएची क्यू-८ कार्ट्रिज एकाच डेकवर, कुठल्याही डीकोडरशिवाय वाजते. आजही या डेकना मागणी आहे त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

साध्या स्टिरिओ एट-ट्रॅकपेक्षा क्वाडचा आवाज चांगला असतो का?

वेग तोच, ट्रॅकची रुंदी तीच, टेपही साधारण तीच. त्यामुळे एका चॅनेलपुरतं बोलायचं तर फरक नाही. पण यंत्राच्या बाजूने पाहिलं तर क्वाड जड जातं, आणि का ते समजून घेण्यासारखं आहे.

चाळीस मिनिटांचा अल्बम धरा. स्टिरिओमध्ये तो चार प्रोग्रॅममध्ये वाटला जातो, म्हणजे दहा मिनिटांची टेप पुरते : सुमारे ५७ मीटर. क्वाडमध्ये प्रोग्रॅम दोनच, म्हणून वीस मिनिटांची टेप लागते : सुमारे ११४ मीटर. एवढी टेप एकाच रिळावर बसवायची आणि ती आतून ओढून काढायची. प्रत्येक वेढा शेजारच्या वेढ्यावर घसरत असतो. म्हणून तर टेपच्या पाठीला ग्रॅफाइटचा लेप असतो. टेप दुप्पट झाली की घर्षण वाढतं, ओढ वाढते आणि ती ओढ एकसारखी राहत नाही. स्टिरिओ कार्ट्रिजवर ठणठणीत वाटणारा डेक क्वाड कार्ट्रिज घातल्यावर डुलायला लागतो तो यामुळे. डेकची परीक्षा नेहमी पूर्ण लांबीच्या क्वाड कार्ट्रिजवरच घ्यावी.

उलट बाजूही आहे. प्रोग्रॅम दोनच असल्याने ‘खट्’ एकदाच होतं आणि तबकडीच्या दोन बाजू सरळ दोन प्रोग्रॅमवर बसतात. स्टिरिओ एट-ट्रॅकमध्ये गाणं मध्येच विरून पुढच्या प्रोग्रॅमवर पुन्हा उगवतं, तो वैताग क्वाडमध्ये फारसा नाही.

दोन डेकची तुलना करताना नेमकं काय ऐकायचं?

बहुतेक जण ट्रेबल, म्हणजे तीव्र आवाज, खोल बास वगैरे ऐकायला बसतात. तो क्रम मला उलटा वाटतो. या माध्यमाची वरची हद्द दहा-बारा किलोहर्ट्झच्या आसपास संपते आणि बऱ्याच डेकवर त्याच्याही अलीकडे. गाण्याचं टेपच्या गोंगाटापासूनचं अंतर ४५ ते ५० डेसिबल. या चौकटीत चांगल्या आणि वाईट डेकमधला फरक टोनमध्ये कमी आणि स्थैर्यात जास्त असतो.

पहिलं ऐकायचं ते लांबवलेले सूर. पियानो, व्हायब्राफोन, बासरी. सूर थरथरतो का? हळूहळू वर-खाली होतो का? ढोलकं आणि गिटारचा गलका असलेल्या गाण्यात हा दोष लपतो, म्हणून चाचणीसाठी संथ वाद्यसंगीत घ्यावं. थरथर सेकंदाला तीन-चार वेळा होत असेल तर कानाला ती सर्वांत जास्त खटकते.

मग शांत जागा. दोन गाण्यांमधल्या पोकळीत दुसऱ्या प्रोग्रॅमचं गाणं किती झिरपतंय ते ऐका. याबद्दल पुढे स्वतंत्र प्रश्न आहे, कारण तक्रारी सर्वांत जास्त त्याच्याच येतात.

मग एकेक चॅनेल सुटा ऐका. चारही एकदम चालू असताना मेंदू उणिवा भरून काढतो. तीन बंद करून एकच ठेवला की खरखर, दबलेला ट्रेबल, मधूनच जाणारा आवाज हे सगळं उघडं पडतं. त्यातही कडेच्या ट्रॅकवर लक्ष ठेवा. पहिल्या प्रोग्रॅममध्ये १ नंबरचा ट्रॅक टेपच्या एका काठावर असतो, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ८ नंबरचा दुसऱ्या काठावर. काठ आधी झिजतो, आधी मुडपतो. म्हणजे एका प्रोग्रॅममध्ये एक कोपरा रडतो आणि प्रोग्रॅम बदलला की तो सुधारून दुसराच कोपरा रडायला लागतो, तेव्हा दोष बहुधा टेपच्या काठाचा असतो. दोन्ही प्रोग्रॅममध्ये एकच कोपरा कायम रडत असेल तर डेकचं ते सर्किट किंवा हेडचा तो भाग तपासा.

टोन सर्वांत शेवटी. आणि तेव्हासुद्धा दोन्ही डेकची आवाजाची पातळी जुळवून घेतल्याशिवाय निकाल देऊ नका. एक-दोन डेसिबलने मोठा वाजणारा डेक प्रत्येकाला ‘जास्त जिवंत’ वाटतो.

मागून दुसरंच गाणं ऐकू येतं. टेप खराब आहे का?

बहुतेक वेळा टेप निर्दोष असते. हेडची उंची चुकलेली असते.

आठ ट्रॅक ६.३५ मिलिमीटरमध्ये बसवायचे म्हणजे एका ट्रॅकच्या वाट्याला मधल्या मोकळ्या जागेसकट जेमतेम ०.८ मिलिमीटर येतात. प्रत्यक्ष ट्रॅक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. हेड दशांश दोन-तीन मिलिमीटर वर-खाली झालं की ते शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतं. क्वाडमध्ये प्रत्येक ट्रॅकचा शेजारी दुसऱ्या प्रोग्रॅमचा असतो, म्हणून हे झिरपणं लगेच कळतं.

झिरपणारा आवाज बहुतेकदा ढोल आणि बासचाच का असतो, असं पुष्कळ जण विचारतात. १०० हर्ट्झच्या सुराची टेपवरची तरंगलांबी जवळजवळ १ मिलिमीटर असते. तिचं चुंबकीय क्षेत्र मधली मोकळी जागा सहज ओलांडतं. १० किलोहर्ट्झची तरंगलांबी साडेनऊ मायक्रॉन, तिची मजल तेवढी जात नाही. त्यामुळे हेड अगदी नेमक्या जागी असतानाही खर्जातली थोडी कुजबुज राहणारच. गाण्याचे शब्द कळण्याइतकं झिरपत असेल तर मात्र उंचीचा स्क्रू फिरवायची वेळ आली आहे. दुसऱ्या प्रोग्रॅमचं गाणं सर्वांत बारीक होईल तिथे थांबायचं, आणि मग प्रोग्रॅम बदलून तिकडूनही तपासायचं. एका प्रोग्रॅमला बरोबर आणि दुसऱ्याला चूक असं येत असेल तर हेड सरकवणारा कॅम झिजला आहे किंवा त्याच्यावरचं जुनं ग्रीस दगड झालं आहे. आधी ग्रीस साफ करा. अर्धे ‘बिघडलेले’ डेक तेवढ्यावर ताळ्यावर येतात.

अझिमथ (हेडचा टेपशी असलेला कोन) कसा लावायचा? चार ट्रॅक असल्याने काही वेगळं करावं लागतं का?

हो, आणि इथे घाई नडते. स्टिरिओ डेकला दोन चॅनेल एकत्र मिसळून (मोनो करून) ट्रेबल सर्वांत जास्त उमटेल तिथे स्क्रू थांबवतात. हेडवर प्रत्येक ट्रॅक वाचायला एक बारीक फट असते. क्वाड हेडवर बाहेरच्या दोन फटींमधलं अंतर पावणेपाच मिलिमीटर आहे. एवढ्या लांबच्या जोडीवर सुरुवातीलाच जुळणी केली तर एका तरंगाने चुकूनही ‘जुळलं’ असं वाटू शकतं. म्हणून आधी शेजारच्या फटींची जोडी मोनो करून जुळवायची, मग बाहेरची जोडी घेऊन बारीक सुधारणा करायची. ऑसिलोस्कोप असेल तर काम पाच मिनिटांचं.

यात एक अडचण कायमची आहे. टेपला वाट दाखवण्याचं बरंचसं काम कार्ट्रिजचं प्लास्टिकच करतं, त्यामुळे प्रत्येक कार्ट्रिजचा कोन किंचित वेगळा निघतो. तुम्ही एका कार्ट्रिजवर अझिमथ लावलात म्हणजे तो त्या कार्ट्रिजपुरता लागला. चार-पाच कार्ट्रिज वाजवून मधला कोन धरणं हा व्यवहारी मार्ग. दोन डेकची तुलना करायची असेल तर मात्र दोन्हींचा अझिमथ एकाच कार्ट्रिजवर लावून तीच कार्ट्रिज वाजवा. हे न करता केलेल्या तुलनेत तुम्ही डेकच्या आवाजाबद्दल बोलत नसता, मागच्या मालकाच्या स्क्रू-ड्रायव्हरबद्दल बोलत असता.

मग कुठला डेक सर्वांत चांगला?

नावं विचारली जातात तेव्हा अकाई सीआर-८०डी-एसएस, टेक्निक्स आरएस-८५८यूएस आणि पायोनियर क्यूटी-६६०० ही तीन हमखास निघतात. तिघंही १९७० च्या दशकातले जपानी, वेगळ्या अँप्लिफायरला जोडायचे डेक. यांतला अकाई आणि टेक्निक्स चार चॅनेलवर रेकॉर्डिंगही करतात. (अकाईच्या नावातला ‘डी’ म्हणजे आत अँप्लिफायर नसलेला नुसता डेक.)

पण ‘यांत पहिला नंबर कुणाचा’ याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि जो छातीठोकपणे देतो त्याने एकेका मॉडेलचा एकेकच नग ऐकलेला असतो. पन्नास वर्षांनंतर एकाच मॉडेलच्या दोन डेकमधला फरक दोन कंपन्यांमधल्या फरकापेक्षा मोठा असतो. बेल्ट, कॅपॅसिटर, हेडची झीज, मोटरचे बुश. हिशेब यांचा मांडायचा.

प्रकारांमध्ये मात्र सरळ उतरंड लावता येते. जड फ्लायव्हील (वेग एकसारखा ठेवणारं वजनदार चाक) असलेले सुटे डेक सर्वांत वर. त्यांचा लोखंडी वजनदारपणा क्वाड कार्ट्रिजची असमान ओढ गिळून टाकतो. डेक विकत घेताना वरचं झाकण काढून फ्लायव्हील बघा, पितळी नॉब आणि लाकडी पेटी नंतर बघा. त्याखाली एकाच खोक्यात रिसीव्हर आणि एट-ट्रॅक असलेले संच. यांत टेपचा भाग बहुधा काटकसरीने बनवलेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर हेडच्या जवळ असल्याने घुं-घुं ऐकू येते. गाडीत बसवायचे संच तळाला, कारण त्यांची रचनाच इंजिनच्या आवाजावर मात करण्यासाठी आहे. तरी त्यांचा एक फायदा आहे, तो विजेच्या प्रश्नात येईल.

प्लेयर घ्यावा की रेकॉर्डर?

नुसतं ऐकायचं असेल तर प्लेयर. रेकॉर्डरमध्ये रेकॉर्ड आणि प्ले यांच्यात बदल करणारा एक लांबलचक सरकता स्विच असतो. चार चॅनेल म्हटल्यावर त्याच्या संपर्कांची संख्या बघून धडकी भरते. यांतला एक जरी काळा पडला तरी एखादा चॅनेल खरखरतो, दबतो किंवा गायब होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरने तो बहुतेकदा जागा होतो, पण वर्ष-दोन वर्षांनी परत तेच. प्लेयरमध्ये हा स्विच नाही, एरेझ हेड नाही, रेकॉर्डिंगला लागणारा बायसचा ऑसिलेटर नाही. बिघडायला जागाच कमी.

स्वतः क्वाड रेकॉर्डिंग करायची हौस असेल तर अर्थातच रेकॉर्डरला पर्याय नाही.

डेकवर ‘क्वाड’ लिहिलंय. तो खरंच क्वाड असतो का?

नेहमी नाही. सत्तरच्या दशकात हा शब्द विकला जात होता, त्यामुळे चार स्पीकर जोडता येणाऱ्या स्टिरिओ संचावरही तो छापला गेला. अशा संचात मागच्या स्पीकरना डाव्या-उजव्यातला फरक पाठवलेला असतो. ऐकायला मजा येते, पण ते क्यू-८ नव्हे.

खात्री करायला हेडकडे बघा : टॉर्च मारली तर खऱ्या क्वाड हेडवर एकाखाली एक चार फटी दिसतात, स्टिरिओवर दोनच. मागे चार सुटे आउटपुट हवेत. आणि कार्ट्रिजच्या खाचेसाठी आत एक छोटी कळ असते. क्वाड कार्ट्रिजच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खाच असते, तीवरून डेकला ओळख पटते. विक्रेत्याने ‘टेस्टेड’ लिहिलं असेल तर कशावर टेस्ट केलं ते विचारा. स्टिरिओ कार्ट्रिज वाजली एवढंच उत्तर आलं तर मागचे दोन चॅनेल कुणी ऐकलेलेच नाहीत असं समजा.

क्वाड कार्ट्रिज साध्या स्टिरिओ डेकमध्ये घातली तर?

वाजेल, पण अर्धीच. पुढचे चॅनेल एका प्रोग्रॅमवर ऐकू येतात आणि मागचे दुसऱ्याच. टेपला धोका काही नाही. कुठलं वाद्य मागच्या भिंतीला बसवलं होतं ते ऐकायला मात्र हा झकास मार्ग आहे.

अमेरिकेतून डेक आणला तर भारतात चालेल का?

न्यू जर्सीत किंवा बे एरियात राहणाऱ्या भावाने गराज सेलमधून उचललेला डेक पुण्याला येतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालूही होतो, आणि गायक आजारी असल्यासारखा गातो. यात डेकचा दोष नाही.

स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. त्या काळच्या पुष्कळ डेकमध्ये कॅपस्टन (टेप पुढे ओढणारा फिरता दांडा) फिरवणारी मोटर थेट विजेच्या लाइनवर चालते आणि तिचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो. ५० हर्ट्झवर ती सहात पाच वेगाने फिरते. टेप ९.५ ऐवजी ७.९ सेंटिमीटरने जाते आणि सूर तीन श्रुतींनी नव्हे, चांगला तीन सेमीटोनपेक्षा जास्त उतरतो. पेटीच्या भाषेत, पांढरी चारमधलं गाणं पांढरी दोनच्याही किंचित खाली येतं.

उपाय डेकच्या बनावटीवर आहेत. आधी मागचं लेबल वाचा. जपानी कंपन्यांच्या बऱ्याच निर्यात मॉडेलवर व्होल्टेज निवडायचा स्विच असतो आणि मोटरच्या पुलीला दोन पायऱ्या असतात, एक ५० साठी, एक ६० साठी. जपानमध्येच पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ असल्याने त्यांना ही सोय अंगवळणी पडलेली. तिथे फक्त बेल्ट दुसऱ्या पायरीवर सरकवायचा. एकच पायरी असेल तर मोटरची पुली १.२ पट व्यासाची करून घ्यावी लागते, आणि हे काम लेथवाला चांगला करतो. व्यासात चूक झाली तर ती थेट सुरात येते, आणि पुली किंचित जरी वाकडी बसली तर थरथर वाढते, म्हणून माप शंभरांश मिलिमीटरमध्ये सांगा. ज्यांत मोटरचा दांडाच कॅपस्टन आहे तिथे पुलीचा उपाय लागू पडत नाही. तिथे फ्रीक्वेन्सी बदलणारा कन्व्हर्टर लागतो, आणि तो शुद्ध साइन वेव्हचा हवा, नाहीतर मोटर गुरगुरते.

आणखी एक. १२० व्होल्ट-६० हर्ट्झची मोटर ५० हर्ट्झवर जास्त तापते, ट्रान्सफॉर्मरही तापतो. सुमारे १०० व्होल्ट दिले तर दोन्ही सुखात राहतात.

डीसी मोटरवाल्या डेकना यातलं काहीच लागू नाही. आणि गाडीचे संच १२ व्होल्ट डीसीवर चालत असल्याने जगात कुठेही बरोबर सुरात वाजतात. वर सांगितलेला त्यांचा फायदा तो हाच.

कार्ट्रिज घेताना काय बघायचं?

कॅसेटमध्ये पिंच रोलर, म्हणजे टेपला कॅपस्टनवर दाबणारं रबरी चाक, डेकच्या अंगात असतो. एट-ट्रॅकमध्ये तो कार्ट्रिजच्या अंगात असतो. टेप ओढणाऱ्या यंत्रणेचा अर्धा भाग तुम्ही दर कार्ट्रिजबरोबर बदलत असता. त्यामुळे एका खराब कार्ट्रिजवरून डेकला नापास करणं अन्यायाचं आहे.

रोलर नखाने दाबून बघा. रबर काही कार्ट्रिजमध्ये गुळाच्या पाकासारखं पाघळलेलं असतं. तशी कार्ट्रिज चुकूनही आत घालू नका, तो चिकटा कॅपस्टनवरून काढताना नाकी नऊ येतात. टेपला हेडवर दाबणारे फोमचे पॅड पन्नास वर्षांत भुगा झालेले असतात. पॅड गेला की ट्रेबल जातो आणि आवाज आत-बाहेर होतो. धातूच्या स्प्रिंगवर बसवलेले पॅड त्यामानाने टिकतात. जोडावरच्या पट्टीचा गोंद वाळलेला असतो, आणि वाजवता वाजवता जोड सुटला की टेपचं टोक कार्ट्रिजच्या पोटात गडप होतं. म्हणून जुनी कार्ट्रिज पहिल्यांदा वाजवण्याआधीच पॅड आणि पट्टी नवीन लावायची. हा नियम मी तरी मोडत नाही.

माहितीपत्रकातले आकडे किती खरे?

नवा डेक, निवडक टेप आणि कंपनीची प्रयोगशाळा असताना खरे. आज त्यांचा उपयोग एवढाच की वॉव-फ्लटरचा (वेगातल्या चढउताराचा) आकडा एका मॉडेलला ०.२ टक्के आणि दुसऱ्याला ०.३ असेल तर पहिल्याची मूळ रचना बहुधा भक्कम आहे. वरच्या फ्रीक्वेन्सीचा आकडा किती डेसिबलच्या मर्यादेत मोजला ते लिहिलेलं नसेल तर तो वाचूही नका.

कॅसेटचा वेग तर याच्या निम्मा. मग कॅसेट सरस कशी ठरली?

प्रश्न रास्त आहे. स्टिरिओ कॅसेटचा एक ट्रॅक ०.६ मिलिमीटरचा, म्हणजे एट-ट्रॅकच्या जवळपासच. वेग ४.७६ सेंटिमीटर. कागदावर एट-ट्रॅक पुढे असायला हवा. पण कॅसेटला क्रोम टेप मिळाली, गोंगाट कमी करणारी डॉल्बी मिळाली, आणि मुख्य म्हणजे टेपची वाट डेकच्या ताब्यात राहिली : रोलर डेकचा, हेड जागेवर स्थिर. एट-ट्रॅकचं हेड दर प्रोग्रॅमला जागा बदलतं आणि टेप प्लास्टिकच्या भरवशावर चालते. काही उशिराच्या एट-ट्रॅकवर डॉल्बी आली खरी, पण तोवर लोक निघून गेले होते.

क्यू-८, क्वाड तबकडी आणि क्वाड स्पूल यांत आवाज कुणाचा चांगला?

स्पूलचा, प्रश्नच नाही. व्हॅनगार्डने १९६९ मध्ये क्वाड पहिल्यांदा बाजारात आणलं ते स्पूलवरच. पाव इंचात आठऐवजी चारच ट्रॅक, आणि वेग दुप्पट, १९ सेंटिमीटर. पण स्पूल महाग आणि दुर्मीळ.

एसक्यू तबकडीचा टोन क्यू-८ पेक्षा मोकळा असतो, पण मागचं-पुढचं एकमेकांत मिसळतं. चार चॅनेल दोनांत कोंबून परत सोडवायचे म्हटल्यावर ते होणारच. सीडी-४ मध्ये चॅनेल खरोखर सुटे असतात, मात्र त्यासाठी तबकडीवर ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असते. ती वाचायला शिबाटा जातीची सुई लागते आणि कधीकाळी साध्या सुईने घासलेली तबकडी फरफर करते. क्यू-८ चा टोन तिघांत उणा, पण कोपरे पक्के वेगळे. मागच्या डाव्या स्पीकरमधली टाळी तिथेच वाजते.

स्पीकर आणि अँप्लिफायर कसे लावावेत?

चारही स्पीकर एकाच मॉडेलचे घ्या. होम थिएटरचे मागचे चिमुकले डबे इथे चालत नाहीत, कारण क्वाडच्या मिक्सिंगमध्ये मागून अख्खा ऑर्गन किंवा पितळी वाद्यांचा ताफा येतो. चौरसाच्या चार कोपऱ्यांत स्पीकर, मध्ये खुर्ची. दोन साधे स्टिरिओ अँप्लिफायर पुरतात, एक पुढच्यांना, एक मागच्यांना. जुन्या एव्ही रिसीव्हरला मल्टिचॅनेल अॅनालॉग इनपुट असेल तर तेही चालतं. मधला आणि सबवूफर रिकामे ठेवायचे.

डिजिटल करून ठेवायचं असेल तर?

चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या आणि चारही चॅनेल एकाच वेळी नोंदवा. दोन-दोन करून दोनदा वाजवलं तर टेपच्या डुलण्यामुळे पुढचे आणि मागचे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. २४ बिट ठेवा. सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ पुरे, १२ किलोहर्ट्झच्या वर टेपवर काही नाही. गोंगाट काढायचं सॉफ्टवेअर लगेच चालवू नका, आधी मूळ नोंद जपून ठेवा.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा नवीन आवृत्त्या घेतल्या तर?

ज्यांना फक्त ते क्वाड मिक्स ऐकायचे आहेत त्यांनी खुशाल तसंच करावं. डटन व्होकेलियनने बरेच जुने क्वाड मिक्स एसएसीडीवर काढले आहेत, ऱ्हायनोची ब्लू-रेवरची ‘क्वाडिओ’ मालिका आहे. मूळ मास्टरवरून आलेल्या त्या आवाजाशी क्यू-८ ची बरोबरी होणार नाही. डेकचं काम उरतं ते कुणीच पुन्हा न काढलेल्या अल्बमांसाठी. आणि हो, यंत्र दुरुस्त करण्यात ज्यांना रस आहे त्यांच्यासाठी. त्यांना वेगळं कारण लागत नाही.

बेल्ट आणि सुटे भाग इथे मिळतात का?

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत कॅपॅसिटर, ट्रान्झिस्टर, सॉकेट मिळून जातात. बेल्टसाठी जुना बेल्ट फेकू नका, ताणून लांबी मोजू नका. कापून सरळ ठेवा, मापा आणि पाच टक्के कमी लांबीचा चपटा बेल्ट शोधा. क्वाड हेड मात्र कुठेच सहज मिळत नाही. म्हणून घेण्याआधी हेडच्या पृष्ठभागावरून नख फिरवा : टेपच्या रुंदीची खोबण लागली तर किंमत कितीही कमी असली तरी विचार करा.

हेड किती वेळा साफ करायचं?

दर तीन-चार कार्ट्रिजनंतर, आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाची काडी. ग्रॅफाइटमुळे कॅपस्टन जास्त मळतो, त्याला विसरू नका. डीमॅग्नेटायझर महिन्यातून एकदा पुरे, आणि तो चालवताना डेक बंद हवा.

कार्ट्रिज डेकमध्येच अडकवून ठेवली तर चालेल का?

नाही. आत असेपर्यंत रोलर कॅपस्टनवर दाबलेला राहतो. आठवडाभरात रबराला खळगा पडतो आणि मग दर फेऱ्याला ‘ठप्’ असा हलका हिसका सुरात जाणवतो. वाजवून झालं की बोटभर बाहेर ओढून ठेवली तरी भागतं, पण आत धूळ जाते ; पूर्ण काढून तिच्या पाकिटात ठेवलेली बरी.